फिफ्टी शेड्स वाचलं: करारात सगळं लिहूनही तिच्या तोंडून ‘लाल’ का निघालं नाही?

निळीशाई

ई. एल. जेम्स यांच्या ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’चा पहिला भाग वाचून संपवला. लोक या पुस्तकाचं नाव घेताना आवाज खाली आणतात ते त्यातल्या शृंगारामुळे. मला छळतोय तो शेवट.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅना एकवीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ख्रिश्चन ग्रे सत्तावीसचा, सिएटलमधला अब्जाधीश. त्याला नेहमीसारखं प्रेमप्रकरण नकोय. त्याला आपल्या आज्ञेत राहणारी जोडीदार हवी आहे आणि त्यासाठी तो तिच्यापुढे चक्क लेखी करार ठेवतो. मुदत ३ महिने. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत तिने त्याच्याकडे राहायचं. काय खायचं, काय घालायचं, आठवड्यातून ४ वेळा व्यायाम. कोणत्या गोष्टी अजिबात करायच्या नाहीत आणि कोणत्या विचारून करायच्या, याच्या याद्या. शिवाय दोन शब्द: ‘पिवळा’ म्हणजे मी सहनशक्तीच्या काठावर आलेय, ‘लाल’ म्हणजे आत्ताच्या आत्ता थांब.

इतकं सगळं कागदावर असताना शेवटी ती म्हणते, जास्तीत जास्त किती दुखू शकतं ते एकदा मला दाखव. तो कमरेच्या पट्ट्याने सहा फटके मारतो. ती रडत एकेक मोजते. ‘लाल’ म्हणत नाही. आणि मग त्याला सोडून निघून जाते.

हे पान मी तीनदा वाचलं. ती बोलली का नाही? लेखिकेला कथा पुढच्या भागात न्यायची होती म्हणून, की खरोखरच असं होतं? ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सांगावं, यातलं खरं किती आणि कल्पनेतलं किती. दुसरं म्हणजे ही भाषा. सारखं ओठ चावणं, सारखी अ‍ॅनाच्या मनातली ती ‘अंतरातली देवी’ नाचतेय, पानंच्या पानं ईमेल. तरी पुस्तक हातातून सुटत नाही, हे कसं? आणि असं काही मराठीत लिहायचं झालं तर जमेल का?

सावधचित्त

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. असं खरोखर होतं, आणि बऱ्याचदा होतं. चूक मात्र सहाव्या फटक्याशी शोधू नका. ती पहिल्या फटक्याच्या आधीच होऊन गेलेली आहे, आणि जवळजवळ सगळी त्याची आहे.

‘जास्तीत जास्त दाखव’ असं नवख्या माणसाने म्हटलं की जाणता माणूस हो म्हणत नाही. तिला स्वतःची मर्यादा माहीतच नाही, मग ती परवानगी देतेय ती कशाची? शिवाय ते दोघं त्या वेळी भांडणाच्या तापात आहेत. बीडीएसएम, म्हणजे संमतीने बांधणं, हुकमत आणि वेदना यांचा खेळ करणाऱ्यांमध्ये एक साधा दंडक असतो: राग आलेला असताना, रडू आलेलं असताना किंवा दारू प्यायलेलं असताना नवीन काही सुरू करायचं नाही. बोलणी आधी, शुद्धीत, कपडे अंगावर असताना. ग्रे वर्षानुवर्षं यात मुरलेला दाखवलाय. त्याला हे माहीत नसणं पटत नाही.

मग अंग तापवण्याचा भाग. हाताच्या हलक्या चापट्यांनी सुरुवात करून दहा-पंधरा मिनिटं हळूहळू जोर वाढवत नेतात. त्वचा उबदार होते, रक्त खेळायला लागतं, शरीर एंडॉर्फिन हे वेदना बोथट करणारं रसायन सोडतं, आणि मग तोच फटका वेगळा लागतो. थंड अंगावर पहिलाच फटका पूर्ण जोराचा बसला तर तो निव्वळ मार असतो. त्यात पट्टा हे नवख्यांसाठी वाईट साधन. तो लवचीक असल्यामुळे टोकाला सगळ्यात जास्त वेग येतो आणि ते टोक कडेवरून वळून कमरेच्या हाडावर बसतं. म्हणून पट्टा वापरणारे तो दुमडतात, बक्कल आणि टोक दोन्ही मुठीत धरतात आणि फक्त नितंबांच्या मांसल भागावर, खालच्या बाजूला वापरतात. माकडहाड, कणा आणि शेवटच्या बरगड्यांखालची पाठीची दोन्ही अंगं, जिथे मूत्रपिंडं असतात, हा भाग कायम वर्ज्य.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो तिला आकडे मोठ्याने मोजायला लावतो. ते पान पुन्हा वाचताना तिचं तोंड कशात गुंतलंय ते बघा. प्रत्येक फटक्यानंतर तिने काय बोलायचं ते आधीच ठरवून दिलेलं आहे: एक, दोन, तीन. आज्ञा पाळायच्या नादात माणूस पुढचा आकडा म्हणतो, दुसरा शब्द घुसायला जागाच राहत नाही. मोजणी ही विचारपूस नव्हे. विचारपूस म्हणजे मध्ये थांबून, डोळ्यांत बघून विचारायचं, ‘रंग सांग’ किंवा ‘दहापैकी किती?’ आणि उत्तर अडखळलं तर तिथेच थांबायचं. तिसऱ्या फटक्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा थांबण्याची जबाबदारी ज्याच्या हातात पट्टा आहे त्याची होती. थांबायला सांगण्याचा हक्क दोघांनाही असतो, हे करारात नीट उमटत नाही.

दुसऱ्या भागात तो तिला याबद्दल विचारतोही. तिचं उत्तर साधं आहे: तुला हवी तशी व्हायचा प्रयत्न करत होते, दुखणं सोसत होते, तो शब्द डोक्यातूनच गेला. लेखिकेने हे फार खरं लिहिलंय, त्याचं श्रेय तिला द्यायला हवं. वेदना आणि भीती एकत्र आली की माणूस गोठतो, जीभ जड होते. म्हणून सुटकेचा शब्द नुसता कागदावर असून भागत नाही. काहीच होत नसताना, हसतखेळत, तो दोन-तीनदा मुद्दाम वापरून बघायचा असतो. म्हटला की समोरचा खरंच थांबतो, हे शरीराला कळावं लागतं. तोंडात न बसलेला शब्द वेळेला येत नाही. तोंड बंद असेल तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा धरायला देतात. मूठ सुटली, किल्ल्या पडल्या, की खेळ संपला.

नंतरची काळजी हाही या पुस्तकातला मोठा खड्डा आहे. शेवटाच्या कितीतरी आधी तो तिच्या घरी येऊन तिला पहिल्यांदा शिक्षा करतो आणि निघून जातो. ती एकटी रडत बसते आणि मग फोनाफोनी होऊन तो परत येतो. असं झाल्यावर लगेच पांघरूण, पाणी, काहीतरी गोड, जवळ बसणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी हे सगळं लागतं, कारण अ‍ॅड्रिनलिन उतरलं की मन खाली जातं. ही उतरण कधीकधी दोन-तीन दिवसांनीही येते, आणि तोवर ‘मला उगीच रडू का येतंय’ हे त्या माणसाला कळत नाही.

आणि दुकानातला तो प्रसंग. अ‍ॅना काम करते त्या हार्डवेअरच्या दुकानात ग्रे येतो आणि केबल टाय, मास्किंग टेप आणि ५ यार्ड दोर घेतो. दोर ठीक, साडेचार मीटरमध्ये मनगटं नीट बांधता येतात. केबल टाय मात्र माणसाच्या अंगाला लावूच नये. तो फक्त घट्ट होतो, सैल होत नाही, आणि त्याची बारीक कड मनगटाच्या मज्जातंतूवर दाबते. बांधलेल्या जागी दोन बोटं आत जायला हवीत. बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या तर वाट न पाहता सोडायचं, आणि बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवायची. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कपडे कापायला असते ती, औषधांच्या सर्जिकल दुकानात मिळते. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून खोलीबाहेर जायचं नाही. गळ्याभोवती काहीही नाही, कुठल्याही कारणाने नाही.

पुस्तककसर

भाषेबद्दल. ‘सुटत नाही’ याचं उत्तर पुस्तकाच्या जन्मात आहे. ही कथा आधी ‘ट्वायलाइट’ मालिकेतल्या पात्रांवर बेतलेली फॅन फिक्शन, म्हणजे चाहतीने लिहिलेली कथा होती. ‘मास्टर ऑफ द युनिव्हर्स’ या नावाने, टोपणनावाखाली, इंटरनेटवर प्रकरणामागून प्रकरण प्रसिद्ध होत गेली. मग ती काढून घेतली, पात्रांची नावं बदलली, आणि २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या प्रकाशनाने ई-बुक आणि मागणीनुसार छपाई अशा रूपात काढली. २०१२ च्या वसंतात ती मोठ्या प्रकाशकाकडे गेली आणि मग जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तिन्ही भागांच्या मिळून १५ कोटींहून जास्त प्रती खपल्या.

हप्त्याहप्त्याने लिहिलेल्या मजकुराची हाडं वेगळी असतात. वाचक पुढच्या हप्त्याला काही दिवसांनी येणार, तोवर विसरणार, म्हणून पात्राला एक ठळक खूण द्यावी लागते आणि ती परत परत दाखवावी लागते. ओठ चावणं ही ती खूण. साप्ताहिकात येणाऱ्या मराठी कादंबऱ्यांमध्येही नायकाच्या कपाळावरची बट दर अंकाला उडायचीच. हप्ते म्हणून वाचताना हे खुपत नाही. सलग पुस्तक केल्यावर संपादकाने त्यातल्या निम्म्या जागा तरी छाटायला हव्या होत्या, ते झालं नाही. लेखिका लंडनची आणि नायिका अमेरिकन विद्यार्थिनी, त्यामुळे तिच्या तोंडी अधूनमधून ब्रिटिश वळणं येतात. तीही कुणी साफ केली नाहीत.

पण ओढ कुठून येते? कामदृश्यांमुळे असं म्हणतात, ते मला अपुरं वाटतं. पहिलं कामदृश्य यायला आठवं प्रकरण उजाडतं आणि तोवर वाचक आत ओढला गेलेला असतो. खरा ताण आहे ‘ती सही करणार का?’ हा. अकराव्या प्रकरणात करार कलमांसकट छापलेला आहे, म्हणजे वाचकही तो तिच्याबरोबर वाचतो आणि मनातल्या मनात आपापल्या खुणा करतो: हे चालेल, हे नाही. आणि पुस्तक संपतं तरी सही होत नाही. हा सांगाडा पक्का आहे. त्यावर चढवलेलं मांस मात्र कित्येक ठिकाणी सैल आहे.

ईमेल तुम्हाला कंटाळवाणे वाटले, पण माझ्या मते तीच पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं आहेत. तिथे अ‍ॅना हजरजबाबी आहे, बरोबरीने बोलते. तो समोर असला की तिची बोबडी वळते, कीबोर्डवर नाही. ईमेलांच्या विषयाच्या ओळी आणि सह्यांखालचे बदलते हुद्दे नुसते सलग वाचत गेलात तरी तिचा धीर कसा वाढत जातो ते दिसतं.

रातराणी_वाचते

एक बाजू मांडायचीच आहे, कारण या पुस्तकाला शिव्या देणं फार सोपं झालंय. यात बाईला काय हवं हे मध्यभागी आहे. ती कराराच्या प्रत्येक कलमावर वाटाघाटी करते, खाण्याची यादी साफ नाकारते आणि तो ती सोडतो. निरोध वापरला जातो आणि तसं लिहिलं जातं. तो डॉक्टरला घरी बोलावतो आणि गर्भनिरोधकाची सोय आधी होते. किती प्रेमकथांमध्ये हे असतं?

तेही तपशिलासकट आहे. पहिल्या भागात तिला मिनीपिल मिळते, जी रोज ठरलेल्या वेळेलाच घ्यावी लागते. जुन्या प्रकारच्या मिनीपिलला ३ तासांहून जास्त उशीर झाला की भरवसा कमी होतो. वेळा पाळणं जमत नाही म्हणून पुढे इंजेक्शन येतं, आणि तिसऱ्या भागात इंजेक्शनच्या तारखा चुकून दिवस राहतात. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ या नावाने मिळतं ते इंजेक्शनही दर ३ महिन्यांनी घ्यायचं असतं, आणि चुकण्याचं कारणही हेच: तारीख लक्षात राहत नाही. कार्डावर पुढची तारीख लिहून घ्यावी आणि फोनमध्ये आठवडाभर आधीची घंटा लावावी.

सावधचित्त

रातराणीताई, खाण्याच्या यादीचं आणि डॉक्टरचं अगदी मान्य. म्हणूनच दुसऱ्या जागा जास्त टोचतात. करार वाचून ती गमतीत ईमेल पाठवते, आता पुरे, तुम्हाला भेटून छान वाटलं, अशा अर्थाचा. तो उत्तर देत नाही, थेट तिच्या खोलीत येऊन उभा राहतो. ती बूट काढू देत नाही, पाय झाडते, तर तो म्हणतो, धडपडलीस तर पाय बांधीन, आवाज केलास तर तोंड बांधीन. तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला प्रथमपुरुषी निवेदनातून कळतं, म्हणून वाचक सावरून घेतो. त्याला ते कळण्याची काहीच सोय नव्हती. सुटकेचा शब्द अजून ठरलेला नाही, सही नाही, म्हणजे त्या क्षणी तिच्याकडे एकच शब्द आहे, ‘नको’, आणि तो त्याने मोजला नाही. फोनचा माग काढून बारमध्ये पोचणं आणि पुढे ती नोकरी करते ती कंपनीच विकत घेणं यांचा शय्येशी काही संबंध नाही. ते करारात कुठेच नव्हतं, आणि तेच सगळ्यात जास्त धोक्याचं आहे.

आणखी एक गोष्ट वाचकांच्या डोक्यातून काढायला हवी. पुस्तक असं सुचवतं की लहानपणी हाल झाले म्हणून ग्रेला हे आवडतं, प्रेम मिळालं की बरा होईल. डीएसएम-५ या २०१३ च्या मानसोपचाराच्या नियमावलीने वेगळी आवड आणि विकार यांच्यात स्पष्ट फरक केला: त्रास होत असेल किंवा दुसऱ्याच्या संमतीविना होत असेल तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, संमतीने होणाऱ्या अशा वागण्याचा स्वतंत्र आजार उरलेलाच नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं तर जुन्या जखमांसाठी जावं. आवड ‘घालवून’ घ्यायला जाऊ नये.

अनुवादघर

मराठीत जमेल का, या प्रश्नाकडे येते. जमेल, पण वाक्याला वाक्य लावून नाही. अडचणी मोजक्या आहेत आणि प्रत्येकीला वाट आहे.

पहिली अडचण काळाची. मूळ पुस्तक प्रथमपुरुषी वर्तमानकाळात आहे. ते तसंच आणलं तर ‘मी दार उघडते. तो आत येतो. मी मान खाली घालते’ असं होतं, आणि मराठी कानाला हे एकतर नाटकातल्या रंगसूचनेसारखं वाटतं किंवा रोजच्या सवयीसारखं, म्हणजे रोज तो येतो आणि रोज ही मान खाली घालते. ‘मी दार उघडलं. तो आत आला’ असं भूतकाळात नेलं की श्वास मोकळा होतो. अगदी जवळच्या क्षणाला मग ‘तो बघतोय. माझ्याकडेच बघतोय’ असं चालू वर्तमान घालायचं. दोन काळांची अशी गुंफण मराठी वाचकाला सवयीची आहे.

दुसरी अडचण अवयवांच्या नावांची, आणि इथे बहुतेक प्रयत्न फसतात. आपल्याकडे एक टोक शिवीचं, दुसरं डॉक्टरच्या तक्त्याचं: योनी, शिश्न, संभोग. तिसरं संस्कृत फुलोऱ्याचं: उरोज, जघन, कटी. घरात बोलायची मधली पट्टी रिकामी आहे. ती रिकामी का राहिली त्याचं दुःख वेगळंच, कारण महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत शेतकऱ्याची सून आणि वाटसरू यांच्याबद्दल विनासंकोच लिहिलेलं आहे, लावणीनेही ते सांभाळलं. रिकाम्या पट्टीवर नवी नावं बसवायला जाऊ नये, तिला वळसा घालावा. नामं कमी, क्रियापदं जास्त. मान, कानामागची जागा, पाठीची पन्हळ, ओटीपोट, पोटरी, मांडीची आतली बाजू ही नावं आपण रोज वापरतो, त्यांवर भार द्यावा. आणि बिलगणं, चाचपणं, कवटाळणं, शहारणं, हुळहुळणं, चुरगळणं. ‘हुळहुळणं’ या एका शब्दात वेदना आणि सुख यांच्यातली जी सीमा आहे, तिच्यासाठी मूळ लेखिकेला अर्धं पान लागतं.

तिसरी गोष्ट अडचण नाहीच, ती मराठीची मिळकत आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच, म्हणून सत्ता दाखवायला तिथे ‘सर’, ‘मिस्टर ग्रे’, ‘मिस स्टील’ असे शब्द पेरावे लागतात. मराठीत तू आणि तुम्ही आहे. अ‍ॅना मुलाखतीला येते तेव्हा ‘तुम्ही’. तो तिला ‘तुम्ही’ म्हणतो की पहिल्या भेटीतच ‘तू’वर येतो, यावरून तो माणूस कळतो. ती ‘तू’वर कधी येणार, हा प्रश्न सहीइतकाच मोठा करता येईल. पट्ट्याच्या प्रसंगात तो ‘मोज’ म्हणेल, ती ‘तुम्ही’वरच राहील, आणि निघताना लिफ्टपाशी पहिल्यांदा ‘तू’ म्हणेल. तेवढ्याने काम होतं. एकच काळजी घ्यायची, ‘अहो’ येता कामा नये. ‘अहो’ आलं की लगेच संसार दिसायला लागतो. ‘मालक’ही नको, कारण कित्येक घरांत त्याचा अर्थ नवरा असाच आहे, आणि ‘दासी’ म्हटलं की पुराण सुरू. बोलण्यात आहेत तसे ‘डॉम’ (आज्ञा देणारा) आणि ‘सब’ (आज्ञेत राहणारी) ठेवणं प्रामाणिक. ‘अंतरातली देवी’ मात्र काढूनच टाकावी. देवी म्हटल्यावर आपल्याला घट बसलेले दिसतात, लाजरी नाचरी मैत्रीण दिसत नाही. तिथे ‘मनातली अवखळ’ किंवा नुसतं ‘मन’ पुरतं.

काळाकोट

कायद्याचं थोडक्यात, कारण हा प्रश्न हमखास येतो. असा करार भारतात केला तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ खाली तो रद्दबातल ठरेल, कारण न्यायालय त्याचा हेतू अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध मानेल. कादंबरीतही अ‍ॅना हे त्याला सुनावते, आणि त्याला ते माहीत असतं. त्या कागदाचा उपयोग फक्त बोलणी नोंदवण्यापुरता. मारहाणीबाबत: १८ वर्षांवरच्या व्यक्तीच्या संमतीने, मृत्यू किंवा गंभीर दुखापत व्हावी असा हेतू नसताना आणि ती होण्याची शक्यता माहीत नसताना झालेली इजा हा गुन्हा नाही, असं जुन्या दंडसंहितेचं कलम ८७ सांगत होतं. भारतीय न्याय संहितेत आता ते कलम २५ आहे. पण कलम २८ सोबत वाचायचं: भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे. आणि हो म्हटल्यावर मधेच नको म्हटलं तर पुढचं सगळं विनासंमती. सही केलेला कागद इथे ढाल होत नाही.

मराठीत असं लिहिणाऱ्यांनी कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांचा खटला जरूर वाचावा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. सुटे उतारे न पाहता सगळी कृती आणि त्या काळातल्या समाजाचं मोजमाप बघायचं, हा त्यातला मुद्दा आजही वकील वापरतात. फिफ्टी शेड्सचं पुस्तक इथे दुकानात उघड मिळतं. त्यावरच्या २०१५ च्या सिनेमाला मात्र आपल्या सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं होतं. छापलेल्या पानाला आधी परवानगी लागत नाही, पडद्याला लागते.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजणीचं वाचल्यावर ते पान चौथ्यांदा उघडलं आणि आता ते वेगळंच दिसतंय. ईमेलही परत वाचायला घेतलेत.

एक शेवटचं विचारते. अनुवादघर यांनी तू-तुम्हीचं सांगितलं. मग मराठीत सुटकेचा शब्द कोणता असावा? ‘थांब’ पुरणार नाही का? सरळ आहे, सगळ्यांना कळतो.

अनुवादघर

‘थांब’ लिहिताना चालेल असं वाटतं, पण आपण ‘थांब ना’, ‘नको ना’, ‘चल हट’, ‘सोड की’ हे लाडातही म्हणतो, आणि तो ‘ना’ किती ओढला यावरून अर्थ पालटतो. सिनेमातल्या गाण्यांनी दोन पिढ्यांना शिकवून ठेवलंय की नाही म्हणजे हो. त्यामुळे कादंबरीत तरी तो शब्द वेगळाच हवा. नाहीतर वाचकालाच कळणार नाही की खरा थांबा कुठला.

सावधचित्त

कादंबरीबाहेरही तेच. शब्द दोन अक्षरांचा किंवा फार तर तीन, जोडाक्षर नसलेला, रडत असताना आणि धाप लागलेली असतानाही स्पष्ट उमटणारा, आणि अंथरुणात एरवी कधीच न येणारा. ‘लाल’ आणि ‘पिवळा’ चालतात, कारण सिग्नल सगळ्यांना पाठ आहेत. ‘दगड’, ‘लिंबू’, ‘परवल’, काहीही चालेल. फक्त कुणाचं नाव नको आणि देवाचं नाव नको, ते सवयीने तोंडातून निघतं. पण त्याबरोबर साधा ‘थांब’ आणि साधा ‘नको’ यांनाही थांबायचं, हे सुरुवातीचे काही महिने तरी ठरवून टाकावं. लाडातला ‘नको ना’ ऐकून उगीच थांबावं लागलं तर पाच मिनिटं वाया जातात, एवढंच. आणि नव्याने सुरू करणाऱ्यांनी ठरलेला शब्द दर वेळी आधी एकमेकांना मोठ्याने म्हणून दाखवावा, दोघांनीही.